नऊ जणांची ट्रेल राइड: जांभ्यावर गाडी घालण्याआधी

तुमचा बेत मला समजला तो असा. पुणे-कोल्हापूरकडचे नऊ जण, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीच्या बाजूला तीन दिवस. दोन दिवस ट्रेल पार्कमध्ये (कच्च्या वाटांवर गाडी चालवायला राखलेल्या जागेत), तिसऱ्या दिवशी सड्यांवरून, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवरून, मोकळं फिरत किनाऱ्यावर उतरायचं आणि वाळूतून गाड्या चालवायच्या. गाड्या म्हणजे मोटरसायकली: चार हिमालयन, तीन एक्सपल्स, एक केटीएम ३९० ॲडव्हेंचर आणि एक बुलेट ३५०. तिघे पूर्ण नवखे, त्यांत एक तुमची बहीण. कोणते टायर घालू, दिवसाला किती किलोमीटर धरू आणि सगळ्यांना मजा कशी येईल, असं विचारलंय.

मी याच भागात नवख्यांना ट्रेलवर शिकवतो आणि गटांच्या मागे मार्शल म्हणून जातो. माझं मत आधीच सांगतो: पहिले दोन दिवस ठेवा, तिसरा दिवस जवळजवळ सगळाच बदला. टायरकडे नंतर येऊ. गटाची राइड टायरपायी क्वचित बिघडते. ती बिघडते एकमेकांना शोधण्यात, एकमेकांसाठी थांबण्यात आणि एकमेकांवर वैतागण्यात.

नऊ ही संख्याच अडचणीची आहे. एक साधा चढ घ्या. सुट्या दगडांचा, पन्नास-साठ मीटरचा. चढावर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. पुढची वर पोचून बाजूला झाली की मगच मागचीने सुरुवात करायची. प्रत्येकाला तीन मिनिटं धरली तरी एका चढाला अर्धा तास जातो. त्यात कोणी मध्येच पडलं, गाडी उलट फिरवून खाली आणावी लागली, की पाऊण तास. वर पोचलेले उन्हात कंटाळतात, खालचे घाई करतात, आणि घाईत चढणारा पडतोच. म्हणून दोन गट करा, चारांचा आणि पाचांचा. गट मैत्रीवर पाडू नका, हातावर पाडा. नवखे तिघे आणि त्यांच्यासोबत दोन शांत डोक्याचे जुने. उरलेले चौघे वेगळे. दुपारी जेवायला एकत्र भेटा. नवरा-बायको किंवा भाऊ-बहीण एकाच गटात ठेवणं मी शक्यतो टाळतो. आपल्या माणसाची चूक दिसली की हेल्मेटमधून ओरडायची सवय फार जणांना असते, आणि शिकणाऱ्याला त्या ओरडण्याचा काडीचा उपयोग नसतो. तुमच्या बहिणीला दुसऱ्या कुणाच्या तरी मागे राहू द्या.

प्रत्येक गटाला एक लीड आणि एक स्वीप. दोघे दिवसभर बदलत नाहीत. लीडच्या पुढे कोणी जायचं नाही आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. लीड हा सर्वांत वेगवान माणूस नसावा. ज्याला मागे वळून बघायची सवय आहे तो असावा. स्वीप मात्र गटातला सर्वांत तयार रायडर हवा, कारण पडलेली गाडी उचलणं, तुटलेला लिव्हर बदलणं, घाबरलेल्याची गाडी उतारावरून खाली आणून देणं ही सगळी कामं त्याच्या वाट्याला येतात. हत्यारांची पिशवी आणि प्रथमोपचाराची पेटीही त्याच्याकडेच. बहुतेक गट नेमकं उलटं करतात. जोरात पळवणारा पुढे जातो आणि जो आपोआप मागे पडतो त्याला स्वीप म्हणतात.

आता फाट्यांचं. इथल्या काजूच्या रानात दर दोनशे पावलांवर वाट फुटते. गुरांची वाट, लाकूडफाट्याची वाट, चिरेखाणीकडे जाणारी ट्रकची चाकोरी, आणि खालच्या दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते. यावर जगभर चालणारी एक जुनी पद्धत आहे. लीडने वाट बदलली की तो त्या फाट्यावर जमिनीकडे बोट करतो. त्याच्या लगेच मागचा रायडर तिथेच थांबतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. स्वीप दिसला की तो निघतो आणि स्वीपच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर आता दुसऱ्या क्रमांकावर आलेला थांबतो. असं करत सगळ्यांची पाळी येते आणि कोणालाच पुढच्याची पाठ सोडायला नको म्हणून जिवाच्या आकांताने गाडी पळवावी लागत नाही. नियम एकच पण कडक: फाट्यावर थांबलेल्याने स्वीप दिसल्याशिवाय जागा सोडायची नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तरी नाही. ‘बघून येतो काय झालं ते’ म्हणून तो परत गेला की साखळी तुटते आणि मग एकाऐवजी तिघांना शोधावं लागतं.

डिसेंबरात लाल धुरळा उडतो. पुढच्याच्या धुरळ्यात शिरू नका. तो खाली बसेपर्यंत थांबा. अंतर वाढलं तरी बिघडत नाही, फाट्यावर माणूस उभा आहेच.

पार्क निवडताना वेबसाइटवरचे फोटो बघू नका, फोन करा. विचारायचं ते हे: नवख्यांसाठी वेगळं सपाट मैदान आहे का, लूप (फिरून मूळ जागी येणाऱ्या वाटा) एकदिशा आहेत का, मार्शल किती आणि ते ट्रेलवर फिरतात की फाटकाशी बसतात, आणि मुख्य म्हणजे सर्वांत लांबच्या टोकाला कोणाचा पाय मोडला तर जीप तिथपर्यंत पोचते का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा अडखळला तर दुसरी जागा बघा. वाट किती अवघड ते दाखवणारे रंग प्रत्येक पार्कचे आपापले असतात, त्यामुळे एका ठिकाणचा निळा दुसऱ्या ठिकाणी लाल निघू शकतो. पहिली फेरी मार्शलच्या मागे, सावकाश. एकदिशा लूपवर मित्राला मदत करायची म्हणूनसुद्धा उलटी गाडी घालायची नाही. कोणी पडलं तर गाडी बाजूला लावा आणि एक जण चालत वाटेवर मागे, वळणाच्याही पलीकडे जाऊन उभा राहा, म्हणजे मागून येणाऱ्याला वेळेत कळेल.

आपल्याकडे बंद पडलेल्या चिरेखाणींत सराव करायची टूम निघाली आहे. सपाट तळ, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंती, कोणी ओरडायला नाही, मोह पडतो. पण चिरे काढलेल्या भिंती सरळ उभ्या कापलेल्या असतात, कडेवर गवत वाढलं की वरून खाण दिसतच नाही, आणि पावसाचं पाणी साठून झालेलं तळं किती खोल आहे ते बघून कळत नाही. मालकाची परवानगी आणि जागा चालत फिरून पाहिलेली, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय तिकडे जाऊ नका.

गाड्यांबद्दल. बुलेट घरी ठेवा. ती वाईट गाडी नाही, पण पोटाखालची जागा कमी, सस्पेन्शनचा प्रवास कमी आणि वजन भरपूर. त्या मित्राला पार्कची भाड्याची हलकी गाडी घ्यायला सांगा. एक्सपल्सचं वजन १६० किलोच्या आसपास, हिमालयनचं २००च्या. कागदावर हा चाळीस किलोंचा फरक किरकोळ वाटतो. दुपारी दोन वाजता, चौथ्यांदा पडलेली गाडी उचलताना तो कळतो. म्हणून तीन एक्सपल्स नवख्या तिघांना द्या, त्या कोणाच्याही नावावर असोत. मित्रांमध्ये हे बोलणं जड जातं हे मान्य, पण तुमच्या तीन दिवसांवर सर्वांत मोठा परिणाम याच एका गोष्टीचा होईल. मागे कोणालाही बसवायचं नाही.

टायर नॉबी (मोठ्या, उठावदार गुंड्यांचे) असले तर उत्तम, पण नवखे असाल तर कंपनीचे दुहेरी वापराचे टायरही कोरड्या दिवसांत चालतात. हवा मात्र कमी करा. ट्यूबवाल्या टायरमध्ये हलक्या गाडीला १८ ते २० पीएसआय, जड गाडीला २० ते २२. त्याखाली गेलात तर जांभ्याच्या धारेवर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते, दोन भोकं पडतात आणि रिमही वाकते. मऊ मातीच्या प्रदेशातली माणसं १२-१५ पीएसआय सांगतात. ते त्यांच्याकडे ठीक, आपला दगड तेवढा दयाळू नाही.

हा दगड नीट समजून घ्या. जांभा कोरडा आणि स्वच्छ असेल तर टायरला छान पकडतो, इतका की माणूस फुशारतो. पण त्यावर सुटी खडी असली की कडक पाट्यावर छर्रे पसरल्यासारखी अवस्था होते: खाली पकड आहे, मध्ये गोळ्या आहेत. अशा जागी ब्रेक मारून वळू नका. वळणाआधी सरळ रेषेत वेग कमी करा, मग ब्रेक सोडून वळा. सावलीतला जांभा वेगळाच. तिथे पावसाळ्यातलं शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं, आणि पहाटेचं दव पडलं की ते पुन्हा जिवंत होतं. सकाळी नऊपर्यंत काळा दिसणारा दगड म्हणजे साबण समजा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्या चिखलात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या डिसेंबरपर्यंत विटेसारख्या कडक होतात. चाकोरीत चाक गेलंच तर बाहेर काढायची धडपड करू नका. नजर पुढे ठेवून तिच्यातूनच चालवत राहा, ती कुठेतरी उथळ होते. खाली चाकाकडे बघितलंत की पडलात. आणि काजू-आंब्याखाली पाचोळ्याचा थर असेल तर त्याखाली मूळ आहे असं धरूनच चला.

पहिली सकाळ अख्खी सपाट मैदानावर घाला. जुन्यांनीसुद्धा. आधी लिव्हर थोडे खाली वळवून घ्या, म्हणजे उभं राहून चालवताना मनगट मोडल्यासारखं होत नाही. उभं राहायचं ते फूटपेगवर वजन टाकून, गुडघे टाकीला हलके टेकवून, कोपरं बाहेर, हात ढिले. हँडल हे धरून लोंबकळायला नाही. मग अगदी हळू चालवायची शर्यत लावा: जो शेवटी पोचेल आणि पाय टेकवणार नाही तो जिंकला. यात हाफ क्लच, मागचा ब्रेक आणि तोल हे तिन्ही एकदम शिकून होतं, शिवाय हसूनही होतं. त्यानंतर इंग्रजी आठचा आकडा. मग मागचं चाक मुद्दाम लॉक करून घसरू द्यायचं, भीती जाईपर्यंत. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) बंद करता येत असेल तर मागचं बंद करा. बऱ्याच गाड्यांत चावी बंद करून पुन्हा चालू केली की एबीएस आपोआप परत चालू होतं, त्यामुळे चहाच्या थांब्यानंतर पहिल्याच उतारावर फजिती होते.

गाडी उचलायचीही तालीम करा. इंजिन बंद, हँडल पूर्ण वळवलेलं, सीटला पाठ लावून पायांच्या जोरावर. कमरेतून वाकून उचलणाऱ्याची कंबर दुसऱ्या दिवशी राइड करत नाही. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवा, नाहीतर उभी होऊन पलीकडे पडते. सायलेन्सर कुठल्या बाजूला आहे ते बघून हात घाला.

चढावर गाडी अडकली की नवखा हमखास घाबरतो, म्हणून हे बारकाईने सांगतो. चढ खालूनच ठरवायचा. पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये खालीच वेग घ्या, वर थ्रॉटल सारखा ठेवा, मधेच सोडू नका. तरी गाडी थांबली तर पुढचा ब्रेक दाबून उभं राहायचा प्रयत्न व्यर्थ असतो. चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं आणि पुढचं चाक लॉक होऊन घसरत मागे येतं. इंजिन बंद पडू द्या, गिअर तसाच, क्लच सोडून द्या. आता गाडीला इंजिनच धरून ठेवतं. श्वास घ्या. मग गाडी चढाच्या बाजूला कलती करून क्लचने थोडी थोडी मागे सोडत आडवी आणा, हँडल खालच्या दिशेला वळवा आणि शांतपणे उतरा. जमत नसेल तर गाडी सरळ आडवी निजवा आणि दोघांनी पुढचं चाक धरून फिरवा. त्यात कसलीही लाज नाही. उतारावर उलटं: पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, वजन मागे, पुढचा ब्रेक एका बोटाने हळुवार. घाबरून क्लच दाबला की इंजिनाची पकड सुटते आणि गाडी मोकाट धावते. नवख्यांच्या बऱ्याचशा वाईट पडण्यामागे हा दाबलेला क्लचच असतो.

जळका वास आला तर कोणाचा तरी क्लच तापला आहे. दहा मिनिटं सगळेच थांबा, पाणी प्या.

पऱ्या, म्हणजे लहान ओढा, आडवा आला तर आधी एकाने चालत जाऊन बघायचं. डिसेंबरात पाणी घोट्या-गुडघ्याएवढंच असतं, पण तळाच्या गोट्यांवर बुळबुळ असते. पाणी एअर फिल्टरच्या तोंडापर्यंत जातंय असं वाटलं तर गाडी ढकलत न्या. पडून पाणी आत गेलंच तर स्टार्टर दाबू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, इंजिन फिरवून पाणी बाहेर फेकू द्या, फिल्टर काढून वाळवा, मग प्लग बसवा. आणि खाडीचं पाणी म्हणजे ओढ्याचं पाणी नव्हे. ओहोटीला कितीही उथळ दिसलं तरी त्यात गाडी घालू नका. खाली गाळ असतो आणि वर मीठ.

आता तुमचा तिसरा दिवस.

सडा लांबून ओसाड माळ दिसतो, म्हणून बाहेरच्या रायडरला वाटतं की इथे कुणाचं काय जाणार. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं, म्हणजे कातळात कोरलेली जुनी चित्रं, आहेत: बारसू, उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण धरून ही सगळी २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. ही नावाजलेली ठिकाणं झाली. बाकी शेकडो चित्रं कुंपणाशिवाय, पाटीशिवाय, वाळक्या गवताखाली पडून आहेत, काही तर जेमतेम बोटभर खोल. त्यावरून नॉबी टायर फिरला तर काय राहील? मी सड्यावर मळलेली गाडीवाट सोडून कुठल्याही गटाला नेत नाही. पैसे जास्त देऊ केले तरी.

दुसरं, कोकणात मोकाट जमीन नसते. प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी मालकीचा आहे. सातबाऱ्यावर तीस-चाळीस सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत, आणि त्यांचं आपसात काही पटत नसलं तरी बाहेरच्या गाड्या आवारात शिरल्या की त्यांचं एकमत होतं. गडगा (दगडी कुंपण) दिसला की तिथे तुमची वाट संपली असं समजा. गडग्याचे चार चिरे काढून गाडी पलीकडे घालणाऱ्यांमुळे आमच्या भागात दोन चांगल्या वाटा कायमच्या बंद झाल्या. पाणंदीतून जाताना पहिला गिअर. पाखाडीच्या पायऱ्या चालणाऱ्यांसाठी आहेत, त्यावर गाडी चढवून व्हिडिओ काढू नका. देवराईत तर गाडी न्यायचीच नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारी म्हणजे हापूसला मोहर येण्याचे दिवस. बागायतदार फवारणीच्या चिंतेत असतो, आणि त्याच्या मोहरावर तुमच्या नऊ गाड्यांचा धुरळा बसला तर तो दोन शब्द बोलणारच. वाट गावातून जात असेल तर आदल्या दिवशी जाऊन विचारा. ‘काका, उद्या सकाळी इकडून पाच गाड्या जातील, चालेल ना?’ एवढ्याने नव्वद टक्के काम होतं. उरलेलं काम सायलेन्सर करतो: कंपनीचा असू द्या.

वणव्याचंही बोलायला हवं. गवत वाळलेलं असतं आणि सायलेन्सर तापलेला. उंच वाळक्या गवतात गाडी उभी करू नका, पडलेली गाडी तिथे पडून राहू देऊ नका. एका ठिणगीत काजूची बाग जाते. स्वीपच्या पाठीवर पाण्याची एक जादा बाटली याचसाठी असते. सिगारेट ओढणारे असतील तर गाव येईपर्यंत थांबतील.

किनाऱ्यावर गाड्या नेऊ नका. बऱ्याच किनाऱ्यांवर वाहनं नेण्यास बंदी आहे, गुन्हे दाखल होतात, गाड्या जप्त होतात. पण मला त्याहून मोठं कारण वाटतं ते कासवांचं. ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. वेळास, आंजर्ले, गुहागर ही नावं तुम्ही ऐकली असतील. गावातले कासवमित्र पहाटे फिरून घरटी शोधतात आणि अंडी कुंपणात हलवतात. न सापडलेलं घरटं मात्र वाळूखालीच असतं. पिल्लं बाहेर पडली तर टायरच्या खोल चाकोरीतून त्यांना चढता येत नाही. आणि गाडीच्या स्वार्थाचं बोलायचं तर ओली वाळू कडक लागते म्हणून माणूस पाण्याकडे सरकतो, गाडी रुतते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती तुमच्यासाठी थांबत नाही. दरवर्षी कोणाची तरी गाडी समुद्रात गेल्याचे फोटो फिरतात, ते असेच.

मग तिसऱ्या दिवशी काय? सकाळी पार्कमध्येच ज्याला जो भाग जमला नाही तो पुन्हा करा. तीन तास पुरेत. दुपारनंतर गाड्या लावून चालत समुद्रावर जा. किंवा पार्कवाल्यांच्या ओळखीने गावची परवानगी असलेली एखादी जुनी बैलगाडीवाट करा. जयगड-तवसाळची फेरीबोट धरून खाडीपलीकडे जाऊन येणं हाही चांगला दिवस आहे. नवख्यांना तो ट्रेलपेक्षा जास्त आवडतो असं मी पाहिलंय. आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडा. त्या दिवसांत कोकणात गाडी लावायला जागा मिळत नाही, जेट्टीवर रांगा, मुंबई-गोवा महामार्गावर रांगा, खोल्यांचे भाव विचारू नका. दुसरा आठवडा धरा.

किलोमीटर: ट्रेलवर दिवसाला तीस-पस्तीस. हसू नका. नवख्यांचा सरासरी वेग ताशी दहा-बारा पडतो. पहिल्या गिअरमध्ये पेट्रोलही जवळजवळ दुप्पट जळतं, त्यामुळे रोजच्या ॲव्हरेजवर हिशेब करू नका. पुण्याहून रत्नागिरी तीनशे किलोमीटरच्या वर आहे. एक्सपल्स टेम्पोत घालून आणल्यात तर नवख्यांचे हात ताजे राहतील. निदान आदल्या संध्याकाळी पोचा आणि लवकर झोपा. रात्री बाटली उघडायची असेल तर शेवटच्या रात्री उघडा. दुपारी सुरमईची थाळी आणि सोलकढी रिचवून पुन्हा चढावर गेलेला माणूस उतारावर झोपतो, तेव्हा जेवण हलकं ठेवा, थाळी रात्री. डिसेंबरातही दुपारी तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जातं आणि हवेत दमटपणा असतो. चिलखत घालून माणसाचा रस निघतो. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी आणि ओआरएसच्या पुड्या. घाम यायचा थांबला, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याची राइड तिथेच संपली: सावली, ओलं फडकं, वारा आणि दवाखाना.

अंगावर काय हवं ते थोडक्यात: चांगलं हेल्मेट, घोटा घट्ट धरणारे बूट, गुडघ्या-कोपराची कवचं, हातमोजे. पैसे कमी असतील तर जॅकेटवर वाचवा, बुटांवर नको. ट्रेलवर वेग कमी असतो, त्यामुळे मोडतो तो घोटा, मनगट किंवा गळ्याजवळचं हाड. स्वीपच्या पिशवीत पुढची एक आणि मागची एक ट्यूब, टायर लिव्हर, पंप, क्लचचा आणि ब्रेकचा लिव्हर, क्लच वायर, चेन लिंक, एमसील, तार, टोइंगचा पट्टा. करवंदीचे काटे ट्यूबला फार आवडतात. पंक्चर काढायची तालीम घरी करून या.

आता जीवजंतू. सड्यावरच्या दगडाखाली फुरसं हा विषारी साप असतो. गाडी घरंगळू नये म्हणून चाकाखाली लावायला दगड लागतो, आणि माणूस पटकन हात घालून तो उचलतो. बुटाने आधी हलवा, मग उचला, हातमोज्यांसह. चावलंच तर चिरा द्यायचा नाही, दोरी आवळायची नाही, हातपाय हलवू द्यायचा नाही, सरळ रुग्णालयात. फुरशावर प्रतिविष चालतं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ते आहे का हे आदल्या दिवशीच फोन करून विचारून ठेवा. सकाळी बूट झटकून घाला, इथला लाल विंचू थट्टेवारी नेण्यासारखा नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार शोधेपर्यंत या विंचवाने कोकणात पुष्कळ जीव घेतले. आज उपचार आहे, पण वेळेत पोचलात तरच.

कोणी जोरात पडलं तर पहिल्यांदा त्याला हात धरून उभं करायची घाई करू नका. आपल्याकडे सगळे धावतात आणि उठवून बसवतात. त्याला पडून राहू द्या, मान हलवू नका, श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, १०८ला फोन लावा. डोक्याला लागून क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल तरी त्या दिवशी पुन्हा गाडीवर बसायचं नाही, तो कितीही म्हणाला ‘काही नाही झालं’ तरी. प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर लीड आणि स्वीप दोघांकडे कागदावर असू द्या. मोबाइलची स्क्रीन पडताना आधी फुटते. विम्याचा कागद वाचून या. मोटार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी बसत नाही, त्यामुळे पार्कमध्ये आपसात घड्याळ लावायची हौस करू नका.

खर्चाचं आधीच ठरवा. ज्याची गाडी त्याचा लिव्हर. टोइंग आणि टेम्पो सगळ्यांच्यात. एक्सपल्स दुसऱ्याला दिली असेल तर मोडतोड चालवणाऱ्याची. हे निघण्याआधी बोललात तर दोन मिनिटांचं काम आहे.

निघायच्या सकाळी एअर फिल्टर झटका, लाल धुरळ्याने तो वीट झालेला असतो. चेन धुऊन तेल द्या, स्पोक हाताने हलवून बघा, आणि महामार्गाला लागण्याआधी टायरमध्ये रस्त्याची हवा पुन्हा भरा. २० पीएसआयवर घाट उतरायचा किंवा चढायचा नाही. पार्कमध्ये कॉम्प्रेसर आहे का, हेही त्या पहिल्या फोनवरच विचारून घ्या.